वाचक विचारतात: झोताच्या वाऱ्यात शिडाची होडी

प्रश्न : नागपूरच्या अंबाझरी तलावावर एंटरप्राइज ही दोघांची शिडाची होडी शिकते आहे. एप्रिल-मेच्या दुपारी वारा एकदम उठतो, होडी कलते आणि टिलर (सुकाणूचा दांडा) पोटाशी ओढून धरलं तरी ती वाऱ्याकडेच वळत जाते. सुकाणू लहान आहे का? (एनसीसी कॅडेट, धरमपेठ)

सुकाणू पुरेसं आहे. तुम्ही त्याच्याकडून भलतंच काम करून घेता आहात. होडी कलली की शिडाचा ओढा होडीच्या मधल्या रेषेवर राहत नाही, पाण्याच्या बाजूला बाहेर सरकतो. पुढे ढकलणारं बळ एका बाजूला आणि पाण्याचा विरोध दुसऱ्या बाजूला, म्हणून होडी वाऱ्याकडे फिरते. सुकाणूही तिरपं होऊन अर्धं वर येतं आणि पाण्याला नीट पकडत नाही. अशा वेळी टिलर जोरात ओढलं तर ते फक्त ब्रेक लावतं. वेग पडतो, आणि हळू चालणारी होडी झोत आला की जास्त कलते.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, हे लक्षात ठेवा. ताशी 20 किलोमीटरचा वारा 30 झाला तर दाब दीडपट नाही, सव्वादोन पट होतो. तो तुमच्या वजनाने पेलायचा असतो, म्हणून हातापायांचा क्रम ठरलेला हवा. आधी मेनशीट, म्हणजे मुख्य शीड (मेन) आवरायचा दोर, हातभर सोडा. त्याच क्षणी पाय पट्ट्यात अडकवून दोघंही अंग बाहेर टाका. होडी सपाट झाली आणि पळायला लागली की शीट परत ओढून घ्या. एवढं सगळं दोन-तीन सेकंदांत व्हायला हवं. शीट सोडताना शिडाचा पुढचा तिसरा हिस्सा फडफडला तर फडफडू द्या, मागची कड काम करत असली की पुरे. पूर्ण सोडून दिलंत तर होडी थांबते आणि पुढच्या झोताला तुमच्याकडे वेगच उरत नाही.

टिलर या क्रमात शेवटी येतं, तेही चार बोटं. वाऱ्याकडे चढत असाल तर झोतात होडी किंचित वाऱ्याकडे जाऊ द्या. वारा आडवा असेल तर उलट करा: झोतात खाली, म्हणजे वाऱ्यापासून दूर, उतरा, वारा पडला की वर चढा.

क्रूलाही हे सांगून ठेवा. मेन सोडली आणि जिब (पुढचं लहान शीड) ताणलेलीच राहिली तर होडीचं नाक वाऱ्यापासून खाली ओढलं जातं, मेनमध्ये पुन्हा वारा भरतो आणि होडी आणखी कलते. म्हणून मोठ्या झोतात जिबची शीटही वीतभर सुटली पाहिजे. आणि मेनशीट क्लीटमध्ये (दोर पकडून ठेवणाऱ्या खाचेत) अडकवून बसू नका. अशा वाऱ्यात उलटलेल्या होड्यांपैकी बऱ्याच क्लीटमुळेच उलटतात, असं आमचं मत आहे.

शेवटचं खास अंबाझरीसाठी: जलपर्णीचा एखादा दांडा सुकाणूत अडकला तरी टिलर असंच जड लागतं. किनाऱ्यावरून निघतानाच सुकाणूचं पातं एकदा वर उचलून झटका.

प्रश्न : निघण्याआधी शीड किती कसायचं? हवामान खात्याच्या इशाऱ्यातल्या किमीवरून नेमकं काय समजायचं? (लेझर ही एकट्याची होडी चालवणारा वाचक, प्रतापनगर)

नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचे इशारे ताशी किलोमीटरमध्ये असतात, होडीची पुस्तकं नॉटमध्ये बोलतात. 1 नॉट म्हणजे ताशी 1.852 किमी. म्हणून ‘ताशी 30 ते 40 किमी’ म्हणजे 16 ते 22 नॉट: सरावलेल्या हाताचा वारा, शिकाऊंचा नाही. ‘ताशी 40 ते 50’ म्हणजे 22 ते 27 नॉट, आणि सोबत मेघगर्जनेचा इशारा असेल तर होडी ट्रॉलीवरच बरी.

आता शीड. जोराच्या वाऱ्यात ते सपाट हवं. आउटहॉल (शिडाचा खालचा मागचा कोपरा ताणणारा दोर) ओढून बूमजवळचा, म्हणजे शिडाच्या खालच्या आडव्या दांड्याजवळचा, फुगवटा घालवा. कनिंगहॅम (शिडाची पुढची कड खाली ताणणारी दोरी) ओढली की फुगवटा पुढे सरकतो आणि वरची मागची कड सैल पडून झोत आपोआप सोडते. पाण्यावर गेल्यावर हे करायला हात मोकळे नसतात, म्हणून किनाऱ्यावरच करा. वाऱ्याकडे चढताना व्हँग (बूम खाली दाबून धरणारी दोरी) कसलेली ठेवा, पण आडव्या वाऱ्यावर वळण्याआधी ती सैल करा. नाहीतर झोतात शीट सोडल्यावरही बूम वर उचलत नाही, तिचं टोक पाण्यात घुसतं आणि मग ती सुटतच नाही. होडी जाते.

तरीही जास्तच वाटलं तर लेझरचं मोठं शीड उतरवून लहान लावा. 7.06 चौरस मीटरच्या शिडाऐवजी 5.76 किंवा 4.7 चौ.मी.चं. त्यात कमीपणा काही नाही. दुसरं शीड हाताशी नसेल तर आहे तेच डोलकाठीभोवती एक-दोन फेरे गुंडाळता येतं.

प्रश्न : वारा पाठीमागून असताना होडी दोन्ही बाजूंना डोलायला लागते. जाइब (पाठीमागच्या वाऱ्यात वळून शीड दुसऱ्या बाजूला घेणं) करायची भीती वाटते. (वाचक, रामटेक)

बूम 90 अंशांच्या पुढे जाऊ देऊ नका, 80 च्या आसपास ठेवा. व्हँग ताणा, सेंटरबोर्ड (होडीच्या मधून पाण्यात उतरणारी फळी) अर्धं खाली ठेवा, आणि अगदी पाठीवर वारा घेण्याऐवजी 15-20 अंश तिरपे जा. डोलणं बहुतेक थांबतं.

जाइब मात्र झोत ओसरायची वाट पाहून करू नका, होडी सर्वांत वेगात असताना करा. तुम्ही वाऱ्याच्या दिशेनेच पळत असता, त्यामुळे शिडाला लागणारा वारा तेव्हा सगळ्यांत कमी असतो. डोकं खाली, शीट मध्ये ओढून घ्या, बूम पलीकडे गेली की लगेच सोडा आणि सुकाणू सरळ करा. जमत नसेल तर टॅक करा, म्हणजे नाक वाऱ्यातून पलीकडे वळवा, आणि फिरून या. वेळ जातो, होडी राहते.

प्रश्न : उन्हाळ्यात तलावाचं पाणी उतरलेलं असतं. होडी उलटली आणि डोलकाठी गाळात रुतली तर काय करायचं? (वाचक, हिंगणा रोड)

रुतू न देणं हेच पहिलं. होडी आडवी झाली की ती पूर्ण पालथी व्हायला फार वेळ लागत नाही. एकाने लगेच सेंटरबोर्ड गाठून त्यावर वजन टाकायचं, वरच्या काठाला लटकायचं नाही. दुसऱ्याने नाक वाऱ्याकडे धरायचं. मेन आणि व्हँग सुटलेल्या आहेत का ते बघा. डोलकाठी वाऱ्याच्या बाजूला पडली असेल तर उचलताच वारा शिडाखाली शिरतो आणि होडी पलटून तुमच्याच अंगावर येते. म्हणून आधी नाक वाऱ्याकडे, मग वजन, आणि शिडातलं पाणी निथळेल अशा बेताने सावकाश. बोर्डवर उभं राहताना पाय बुडाशी ठेवा, टोकाला उभं राहिल्यास बोर्ड मोडू शकतं.

सोपा उपाय म्हणजे डोलकाठीच्या शेंड्याला झाकण घट्ट बसवलेला 5 लिटरचा रिकामा कॅन दोन ठिकाणी आवळून बांधा. जवळपास 5 किलोची उचल सहा मीटर लांबीच्या टोकाला मिळते, तेवढ्याने होडी आडवीच राहते. दिसायला वाईट, पण मार्चनंतर उथळ तलावावर हा कॅन हवाच.

रुतलीच तर बोर्डवर नाचू नका, डोलकाठी वाकते. सगळे होडीवरून उतरा, पण होडी सोडू नका. बचाव होडीकडून नाकाला दोर बांधून हळूहळू ओढून घ्या, म्हणजे काठी ज्या रेषेत घुसली त्याच रेषेत बाहेर येते. एक नजर वाऱ्यावरही असू द्या: पश्चिमेचा वारा अंबाझरीवर तुम्हाला पूर्वेच्या बांधाकडे, दगडांवर ढकलतो.

प्रश्न : ढग दिसल्यावर किती वेळ असतो? (तीच कॅडेट)

मोजू नका. मे-जूनच्या गडगडाटी ढगातून थंड हवा खाली कोसळून पसरते आणि पावसाच्या आधी पोचते. पश्चिमेला धूळ उठली, अंगाला एकाएकी गार लागलं किंवा पाण्यावर गडद पट्टा तुमच्याकडे सरकताना दिसला, तर त्याच वेळी मेन उतरवा आणि फक्त जिबवर काठाला या. गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज पडण्याच्या टप्प्यात आहात, आणि तलावावर अॅल्युमिनियमची उभी काठी तुमचीच आहे. शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं पाण्यात उतरू नका.