बागेतल्या शंका : नागपुरात जपानी चेरी का फुलत नाही?

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी ऑनलाइन मागवलेलं जपानी चेरीचं कलम अंगणातल्या काळ्या मातीत लावलं. एकदाही फुललं नाही. मे महिन्यात पानांच्या कडा करपतात, आता बुंध्यातून डिंक येतोय. खत कमी पडतंय का? (एक वाचक, मनीषनगर)

उत्तर : खत अजिबात वाढवू नका. कमी पडतेय ती थंडी. चेरीची फुलकळी उन्हाळ्यात तयार होते आणि नंतर सुप्त राहते. ती उमलायला हिवाळ्यात ७ अंशांखालचे शेकडो तास लागतात. नागपुरात जानेवारीच्या पहाटे पारा १०च्या आसपास उतरला, तरी दुपारच्या उन्हात मिळालेली थंडी वाया जाते.

जपानात सर्वत्र दिसणारी 'सोमेई योशिनो' ही एदोहिगान आणि ओशिमा या दोन रानचेरींचा संकर. बियांपासून ती तशीच येत नाही, म्हणून प्रत्येक झाड कलमाचं, म्हणजे एकाच झाडाची हुबेहूब नक्कल. एका भागातली झाडं एकदम फुलतात ती त्यामुळेच. आपली रानचेरी म्हणजे हिमालयातलं पद्मकाष्ठ, जिचं लाकूड काष्ठौषधींच्या दुकानात मिळतं. ती शिलाँगला नोव्हेंबरात बहरते, पण तीही थंड डोंगरउताराचीच.

डिंकाचं कारण बहुधा मुळांशी आहे. पावसाळ्यात काळी माती पाणी धरून ठेवते, मुळं गुदमरून कुजतात. बुंध्याजवळची माती बाजूला सारून साल नखाने खरवडा. आत हिरवी-ओली निघाली तर जीव आहे. तपकिरी, मऊ आणि आंबूस वासाची असेल तर झाड वाचणार नाही. कलमाचा जोड मातीखाली गेला असेल तर लगेच उघडा करा. जोडाखालून फुटलेले धुमारे खुंटाचे, म्हणजे ज्या मुळांच्या रोपावर कलम बांधलंय त्याचे असतात, ते मुळापासून काढा.

गुलाबी बहरच हवा असेल तर कांचन लावा. फेब्रुवारी-मार्चमध्ये, पानं गळलेली असताना फुलतो आणि इथलं ऊन सोसतो. मेमध्ये २ फूट लांब-रुंद-खोल खड्डा घेऊन तापू द्या. तळाशी विटांचे तुकडे टाकू नका, काळ्या मातीत पाणी तिथेच तुंबतं. निघालेल्या मातीत चौथा हिस्सा शेणखत आणि तितकाच मुरूम मिसळा, भर जमिनीपेक्षा वीतभर उंच ठेवा. दोन चांगले पाऊस झाले की रोप लावा.

प्रश्न : रोपवाटिकेत 'चेरी ब्लॉसम' म्हणून मिळालेलं रोप खरंच चेरीचं आहे का? (एक वाचक, धंतोली)

उत्तर : पान बघा. एका देठावर पंजासारखी पाच पानं असतील तर तो गुलाबी टॅबेबुया, मूळचा मध्य अमेरिकेकडचा. चेरीचं पान एकेकटं, कडेला बारीक दाते, आणि देठ पानाला मिळतो तिथे मोहरीएवढ्या दोन गाठी. बोटाला लागतात.