हँगरमध्ये दोन वर्षं काम केलंय, कोर्स केलेला नाही. विमान देखभालीचा परवाना मिळेल का?

दोन वर्षं हेल्पर म्हणून काम झालंय, एवढ्यावर परवान्यासाठी पात्र ठरतो का, असा तुमचा प्रश्न आहे. ते परवाना कुणाचा हवाय यावर ठरतं. आणि त्याहून जास्त, ती दोन वर्षं कागदावर कशी दिसतात यावर.

इकाओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना) किमान मानकानुसार वय 18 पूर्ण हवं आणि अनुभव 4 वर्षांचा. मान्यताप्राप्त कोर्स केला असेल तर 2 वर्षं पुरतात. अमेरिकेची विमान नियामक संस्था एफएए एअरफ्रेम (विमानाचा सांगाडा) किंवा पॉवरप्लांट (इंजिन) यांपैकी एका रेटिंगसाठी, म्हणजे परवान्यातल्या एका विभागासाठी, 18 महिने मागते, दोन्ही एकदम हवी असतील तर 30. युरोपच्या पार्ट-66 मध्ये, म्हणजे तिथल्या परवान्याच्या नियमावलीत, टर्बाइन इंजिनाच्या विमानांच्या बी1 (यांत्रिक कामाच्या) परवान्याला, आधीचं काहीच तांत्रिक प्रशिक्षण नसेल तर 5 वर्षं लागतात. भारताची विमान नियामक संस्था डीजीसीए, तिची सीएआर-66 ही नियमावली याच युरोपीय चौकटीवर बेतलेली आहे. म्हणजे तुमची दोन वर्षं एफएएच्या एका रेटिंगला पुरू शकतात, युरोपात नाही. पण पार्ट-66 च्या मॉड्यूल (विषयवार) परीक्षा अनुभव पूर्ण व्हायच्या आधीही देता येतात, त्यामुळे अभ्यासाला आत्ताच लागा.

आता लॉगबुक, म्हणजे केलेल्या कामांची नोंदवही. माझ्याबरोबरची चांगली हुशार मुलं इथेच अडकली. ‘दोन वर्षं काम केलं’ असं पत्र आणलं की झालं, असा त्यांचा समज होता. तपासणारा मात्र विचारतो, नेमकं काय केलं? चाक बदललं, बोअरस्कोपला (इंजिनात बारीक कॅमेरा घालून तपासणी) मदत केली, फ्लॅप्सना ग्रीसिंग केलं, तर प्रत्येक कामाची तारीख, विमानाचं रजिस्ट्रेशन, मॅन्युअलमधला संदर्भ आणि देखरेख करणाऱ्या परवानाधारकाची सही हवी. सही त्याच आठवड्यात घ्या. माणसं नोकरी बदलतात, मग दीड वर्षापूर्वीच्या कामावर सही करायला कुणी तयार होत नाही, आणि त्यांचंही बरोबरच असतं.

लेखी परीक्षा मुख्यतः बहुपर्यायी असते. एफएएकडे 70 टक्क्यांना पास, पार्ट-66 मध्ये 75. एफएएकडे त्यानंतर तोंडी आणि प्रात्यक्षिक. लॉकवायरिंगचा, म्हणजे बोल्ट सुटू नयेत म्हणून तार बांधण्याचा, सराव भरपूर करा. दोन बोल्टना तार बांधायला अगदी सोपी वाटते, पण ओढ अशी हवी की बोल्ट सैल व्हायला लागला तर तारेने त्याला घट्ट होण्याच्या दिशेलाच धरलं पाहिजे. माझी पहिली तार दिसायला सुबक होती, पण उलट्या बाजूने गेली होती. माझ्या सीनियरनी एक शब्द न बोलता ती कापली आणि नवी तार हातात दिली. तेव्हापासून पीळ द्यायच्या आधी मी बोल्ट कुठल्या बाजूला सुटतो ते बोट फिरवून बघतो. टॉर्क रेंचचंही (बोल्ट ठरावीक जोराने आवळायचा पाना) तसंच. हातात घेतला की आधी कॅलिब्रेशनच्या स्टिकरवरची तारीख बघायची.

ह्यूमन फॅक्टर्सचा (माणसांच्या हातून चुका कशा होतात याचा) पेपर ‘वाचून होईल’ म्हणून शेवटी ठेवू नका. 10 जून 1990 ला ब्रिटिश एअरवेजच्या 5390 या उड्डाणात कॉकपिटची काच निघून गेली आणि कॅप्टन अर्धे बाहेर ओढले गेले. सगळे वाचले. ती काच उड्डाणाच्या सुमारे 27 तास आधी, रात्रपाळीत बसवलेली होती. तिच्या 90 बोल्टपैकी 84 व्यासाला बारीक निघाले, उरलेले 6 लांबीला कमी. बसवणारा अनुभवी होता. त्याने नवे बोल्ट काढलेल्या जुन्या बोल्टशी नजरेनेच जुळवून घेतले, पार्ट्स कॅटलॉग बघितला नाही. मुळात जुनेच चुकीचे होते. मी हे प्रकरण दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचताना घाम फुटला, कारण असं नजरेने जुळवून घेणं मी स्वतः केलेलं होतं.

मागच्या दोन वर्षांतली जी कामं वर्क ऑर्डर किंवा टास्क कार्डवर (हँगरमधले कामाचे कागद) सापडतील, त्यांची यादी या महिन्यात काढा आणि ज्यांच्या हाताखाली ती केलीत ते तिथे आहेत तोवर सह्या घ्या. ज्याचा कागद सापडत नाही ते काम सोडून द्या, अंदाजाने तारीख टाकू नका.