‘हम लोग’चा तो भाग आमच्या गल्लीला बघू दिला नाही

बडकीचं, म्हणजे थोरल्या लेकीचं, लग्न सोडून दूरदर्शनवरच्या ‘हम लोग’ या जुन्या मालिकेतला एखादा भारी पण विसरला गेलेला भाग कोणता, आणि आज ती मालिका नव्याने बघावी का, असं विचारलंय तुम्ही. पहिल्याचं उत्तर माझ्याकडे कधीचं तयार आहे. शेवटाकडच्या भागांत गोष्ट संपल्यावर अशोक कुमार (दर भागाच्या शेवटी प्रेक्षकांशी बोलायचे ते नट) बसेसर रामबद्दल, म्हणजे ते काम करणाऱ्या विनोद नागपालबद्दल बोलले होते. तो भाग. घरादाराला छळणारा दारुडा बाप हे एका नटाने केलेलं काम आहे, हे आपल्या तोंडावर सांगणारी मालिका मी नंतर पाहिली नाही.

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहायचो. गल्लीत टीव्ही एकच, मिलमध्ये जॉबर, म्हणजे मुकादम, असलेल्या मामांचा. संध्याकाळी त्यांच्या घरात पोरं पुढे, बाया मागे. बाया म्हणजे बहुतेक विडी कामगार. हजार विड्यांचा हिशेब पुरा करायचा म्हणून सूप मांडीवर घेऊनच यायच्या. ओल्या फडक्यातलं पान काढायचं, चिमूटभर जर्दा, वळायचं, तोंड दाबायचं, दोरा. नजर टीव्हीवर, बोटं आपली चालूच. शेजारच्या अक्काची बोटं फक्त बसेसर झोकांड्या देत घरात शिरला की थांबायची. तिचा नवराही तसाच होता. ती बसेसरला तेलुगूत शिव्या घालायची, आणि त्या शिव्या टीव्हीतल्या माणसासाठी नाहीत हे आम्हा पोरांनाही कळायचं.

आता दुखणं सांगतो. गोष्ट संपली आणि अशोक कुमार दिसले, की मामा उठून टीव्ही बंद करायचे. “झालं. आता उपदेश.” तीस-चाळीस सेकंदांचं ते बोलणं! ‘छन पकैया छन पकैया’ म्हणत तो माणूस त्या दिवशीच्या गोष्टीचा कान पिळायचा, आणि आमच्याकडे पडदा काळा. नागपालबद्दलचं बोलणं मी पाहिलं ते साखर पेठेत, आत्याकडे होतो म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी गल्लीत येऊन सांगितलं. मामा म्हणाले, “काय सांगलालास बे! दारुड्याचं काम दारुड्याशिवाय कोण करंल?” सगळे हसले. अक्का हसली नाही. मापाचा पत्रा ठेवून विडीचं पान कापत होती, तशीच कापत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे घरी बायकोला मारत नसंल तो.”

आमच्या गल्लीने काय गमावलं ते पुढे वाचनात कळलं. ही मालिका नुसत्या करमणुकीसाठी नव्हतीच. माहिती-प्रसारण मंत्री असताना आपले वसंत साठे 1982 मध्ये मेक्सिकोला गेले, तिथल्या लोकशिक्षणाच्या मालिकांवरून ही कल्पना आली. मनोहर श्याम जोशींनी लिहिली, 7 जुलै 1984 ते 17 डिसेंबर 1985 चालली, दीडशेहून जास्त भाग झाले. पुढे अभ्यासकांनी प्रेक्षकांना विचारलं तेव्हा गंमत निघाली. बसेसरची बायको भागवंती दाखवली होती ती ‘असं मुकाट सोसू नका’ हे कळावं म्हणून, आणि कितीतरी जणांनी, बायांनीसुद्धा, तिलाच आदर्श मानलं. म्हणजे शेवटचं बोलणं ऐकूनही हे झालं. आमच्याकडे तर ते बोलणंच कापलेलं. उरलं काय, दर भागाला भागवंतीचं रडणं.

नव्याने बघायची तर पहिले तेरा भाग खुशाल सोडा. कुटुंबनियोजन गोष्टीतच इतकं कोंबलंय की लोक तेव्हाही कंटाळले होते, म्हणून पुढे बदल करावा लागला. नंतर मात्र बसेसरच्या पोरांची गोष्ट, म्हणजे लल्लूची नोकरीसाठी वणवण, मझलीचं मुंबईचं वेड, नन्हेचं क्रिकेट, सगळं जमून येतं. दादी सुषमा सेठ आणि मझली दिव्या सेठ खऱ्या आयुष्यात मायलेकी आहेत, तेही ध्यानात ठेवून बघा. आणि शेवट कापलेला भाग कुणी पाठवला तर बघू नका.

मामांचा मुलगा माझा मित्र आहे. “बाबांनी टीव्ही कधीच बंद केला नाही, तुम्हीच पोरं उठून पळायचा,” असं तो अजून चारचौघांत सांगतो. आम्ही पळायचो, कारण पडदा काळा झालेला असायचा! मामांच्या बाजूने एवढं नक्की म्हणेन, टीव्ही त्यांचा, घर त्यांचं, उंबऱ्यापर्यंत माणसं बसायची आणि त्यांनी कधी कुणाला ऊठ म्हटलं नाही. पण वीज वाचवायची होती तर सुरुवातीच्या मॅगीच्या जाहिराती बंद ठेवायच्या. मॅगी तेव्हा आमच्या गल्लीत खात कोण होतं?