भूत दिसत नाही, मग भीती कसली?

प्रश्न : इंग्रजीतल्या जुन्या ‘गॉथिक’, म्हणजे गूढ-भयाच्या, कविता हौसेने वाचायला घेतल्या. इंग्रज कवी कोलरिजची ‘क्रिस्टाबेल’ वाचली, अमेरिकन कवी एडगर अॅलन पोची ‘द रेव्हन’ वाचली. भयकथेत अंगावर काटा येतो तसा काही आला नाही. ‘द रेव्हन’मध्ये तर एक डोमकावळा सोडून कोणीच नाही. मग यात भयानक ते काय?

उत्तर : तुम्ही भूत शोधत बसलात आणि कोलरिजने ते मुद्दाम दाखवलेलं नाही. ‘क्रिस्टाबेल’चा पहिला भाग पुन्हा काढा आणि वाड्याच्या दारापाशी थांबा. मध्यरात्री जंगलात भेटलेल्या जेराल्डिनला क्रिस्टाबेल घरी आणते. उंबरठ्यापाशी येताच जेराल्डिन कोसळते. क्रिस्टाबेल तिला कशीबशी उचलून आत घेते, आणि आत पाऊल पडताच ही बाई ठणठणीत! अमंगळाला स्वतःहून उंबरठा ओलांडता येत नाही, कोणीतरी आत घ्यावं लागतं, ही जुनी समजूत. कवी ती कुठेही सांगत नाही. क्रिस्टाबेल देवमाता मरियमचे आभार मानू या म्हणते, तर पाहुणी थकव्याचं निमित्त सांगून टाळते. म्हातारी कुत्री झोपेतच रागाने कण्हते. विझत आलेली शेकोटी जेराल्डिन जवळून जाताना एकदम भडकते. इतक्या खुणा झाल्या, तरी क्रिस्टाबेलला संशय येत नाही. तो आपल्याला येतो, आणि तिला सावध करायची काही सोय नसते. माझ्या मते खरी भीती इथे आहे.

पुढे जेराल्डिन वस्त्रं उतरवते तेव्हा तिच्या अंगावर काय दिसलं? कोलरिज म्हणतो, ते स्वप्नात पाहावं, सांगू नये. हस्तलिखितात ते अंग सुकलेलं, जख्ख आणि किळसवाण्या रंगाचं असल्याची ओळ होती. 1816 साली कविता छापताना त्याने ती गाळली. केवढी थोर काटछाट! त्याच वर्षी जूनमध्ये जिनिव्हाच्या सरोवराकाठी कवी बायरनने यातल्याच ओळी म्हणून दाखवल्या, तेव्हा त्याचा कविमित्र शेली किंचाळत खोलीबाहेर पळाला. बायरनचा डॉक्टर पोलिडोरी याने रोजनिशीत हे टिपलं आहे. शेलीच्या डोळ्यांपुढे स्तनाग्रांच्या जागी डोळे असलेली बाई आली होती. कवितेत असं कुठेच नाही.

आता डोमकावळा. ‘द रेव्हन’ 1845ची. पक्ष्याला एकच शब्द येतो, ‘नेव्हरमोर’, म्हणजे ‘पुन्हा कधीच नाही’. कुठल्या तरी दुःखी मालकाकडून तो शिकला असेल, हे निवेदक स्वतःच म्हणतो. म्हणजे उत्तर काय येणार ते त्याला पक्कं ठाऊक आहे. तरीही तो विचारतो : दुःखावर काही औषध आहे का? माझी मेलेली प्रेयसी लेनोर स्वर्गात तरी मला भेटेल का? जिथे ‘नाही’ ऐकून काळीज फाटेल, नेमके तेच प्रश्न. माणूस पाखराकडून स्वतःचा छळ करून घेतोय. एवढं ध्यानात घेऊन शेवटची तीन-चार कडवी वाचा, आणि मग सांगा नुसता कावळा आहे का ते.

प्रश्न : आणखी काय वाचावं? आणि कसं?

उत्तर : मोठ्याने वाचा. ‘क्रिस्टाबेल’च्या ओळीत अक्षरं सात असोत की बारा, आघात (जोर देऊन उच्चारायच्या जागा) चारच, असं कोलरिजने प्रस्तावनेत सांगून ठेवलंय. मनातल्या मनात वाचलं की तो ठेका हरवतो आणि अर्धी भीती तिथेच जाते. पुढची निवड माझ्या आवडीची : जर्मन कवी ग्योटेची ‘एर्लक्योनिग’, 1782ची, अगदी छोटी. रात्री घोड्यावरून बाप आजारी पोराला घेऊन चाललाय. पोराला पिशाच्चांचा राजा दिसतो, त्याचं लाडीगोडीचं बोलणं ऐकू येतं. बाप प्रत्येक वेळी समजूत घालतो : ते धुकं आहे, ती वाळकी पानं आहेत, ती वाळुंजाची जुनी झाडं आहेत. बापाचं म्हणणं पटण्यासारखंच आहे, पण शेवटच्या ओळीत पोर मेलेलं असतं. ती पचली की ब्युर्गर या दुसऱ्या जर्मन कवीची ‘लेनोरे’ घ्या. तिथे मेलेला नवरदेव स्वतः घोडा घेऊन दारात येतो, तेव्हा भूत दिसलं नाही ही तुमची तक्रारही उरणार नाही.