.३०८ ची पुंगळी डायमध्ये अडकली आहे? आधी हातोडी खाली ठेवा

तुमचा फोटो बघितला आणि पोटात गोळाच आला. (नवख्यांसाठी: उडालेल्या काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी प्रेसमधल्या डाय नावाच्या पोलादी साच्यात दाबून मूळ मापावर आणतात, म्हणजे 'साइझ' करतात, आणि पुन्हा भरतात, हेच रीलोडिंग. .३०८ हे रायफलच्या काडतुसाचं माप.) शेलहोल्डरमध्ये (पुंगळीचं बूड धरणारा भाग) रिमचा, म्हणजे बुडाच्या कडेचा, फाटलेला तुकडा, वर डायमध्ये घट्ट रुतलेली पुंगळी, आणि खाली तुमचा प्रश्न: पन्नास पुंगळ्या नीट झाल्या, एक्कावन्नावी अर्ध्यात अडली, प्रेसचा दांडा जोर लावून दाबला, परत घेताना रिम फाटली, आता डिकॅपिंग रॉडवर (प्रायमर, म्हणजे बुडातली ठिणगी देणारी टोपी, ढकलून काढणारी सळई) वरून हातोडी मारू का, आणि वंगण कुठलं चांगलं?

हातोडी मारू नका. बाकी सगळं नंतर वाचलंत तरी चालेल.

हे मी ठामपणे सांगतोय कारण आठ वर्षांपूर्वी, नोव्हेंबरात, कोलोरॅडोतल्या माझ्या गराजमध्ये मी नेमकं हेच केलं होतं. तोपर्यंत मी फक्त ९ एमएम रीलोड करत होतो. त्यासाठी कार्बाइडची (अतिशय कठीण, गुळगुळीत) डाय असते आणि सरळसोट पुंगळीला वंगण नसलं तरी चालतं, त्यामुळे वंगण ही गोष्ट माझ्या हातात भिनलेलीच नव्हती. रायफलची पुंगळी बाटलीसारखी, खांदा आणि मान असलेली. तिला कार्बाइडची डाय असली तरी वंगण लागतंच. हे पुस्तकात वाचून मला माहीत होतं. म्हणून ट्रेमध्ये पुंगळ्या उभ्या केल्या, एका बाजूने स्प्रे मारला, आणि मिनिटभरात सुरुवात केली.

यात दोन चुका होत्या. स्प्रे एकाच बाजूने बसला. आणि स्प्रेमधला पातळ द्रव उडून जायला वेळ दिला नाही. तो द्रव फक्त वंगण पोचवणारा हमाल असतो. तो उडून गेल्यावर मागे जो थर उरतो, ते खरं वंगण. थंड गराजमध्ये तो उडायला आणखी वेळ लागतो. तीन पुंगळ्या गेल्या. चौथी अर्ध्यावर जड झाली, बारीक 'कुर्र' असा आवाज आला, आणि मी अंगाचा भार टाकून दांडा दाबला.

माझे वडील कोल्हापुरात उद्यमनगरात पॉवर प्रेसवर काम करायचे. पत्रा डायमध्ये ओढताना आवाज बदलला की हात थांबलाच पाहिजे, हे मी लहानपणापासून ऐकलेलं. पितळ हा चिकट धातू आहे (पुंगळीचं पितळ म्हणजे साधारण ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त). वंगणाचा थर तुटला की ते पोलादाला घासत नाही, चिकटतं. आणि एकदा चिकटलं की तुमचा प्रत्येक किलोचा जोर त्याला आणखी चिकटवण्यात जातो. म्हणून माझ्या मते वंगणाचा ब्रँड हा दुय्यम प्रश्न आहे. तुम्हाला आणि मला, दोघांनाही, त्या आवाजाशी थांबायचं होतं. अर्ध्यावर जड वाटलं की दांडा उलटा घ्यायचा, पुंगळी बाहेर काढायची, पुसायची, पुन्हा वंगण लावायचं. त्या क्षणी ती हमखास निघते. आणखी पाव इंच आत गेली की निघत नाही.

पण माझं खरं नुकसान पुंगळी अडकल्याने झालं नाही, त्यानंतर झालं. मी ज्या दुकानातून डाय घेतली होती, त्यांच्या तांत्रिक मदतीच्या नंबरवर फोन केला. पलीकडच्या माणसाने आधी सांगितलं, डाय रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा आणि सकाळी रॉडवर ठोका. पितळ पोलादापेक्षा जास्त आकसतं हे खरं आहे, पण किती? .३०८ च्या बुडाचा व्यास .४७ इंच. ४० अंश सेल्सिअसने थंड केलं तर दोघांच्या आकसण्यातला फरक इंचाचा जेमतेम दीड दहाहजारांश भरतो. आणि अडकलेली पुंगळी कित्येक हजारांशांनी दाबली गेलेली असते. हे गणित मी नंतर केलं. त्या दिवशी मी ठोकलं. रॉड वाकला, एक्स्पांडर (रॉडवरचा, मान आतून रुंद करणारा गोळा) मानेत तिरका रुतला.

शेवटी ओळखीच्या एका मशिनिस्टने पुंगळी काढून दिली. डायमध्ये पितळाचे पट्टे राहिले होते. पुन्हा फोन केला. या वेळी सांगितलं, खरखरीत सॅंडपेपर ड्रिलला गुंडाळून आतून फिरवा, साफ होईल. मी फिरवला. आतल्या आरशासारख्या पृष्ठभागावर बारीक आडव्या चरा पडल्या. त्यानंतर प्रत्येक पुंगळी जडच जायची, प्रत्येकीवर ओरखड्यांची वळी, आणि दर वीस-पंचवीस पुंगळ्यांनंतर पितळ पुन्हा चिकटायला लागायचं. मला वाटायचं वंगण कमी पडतंय, म्हणून जास्त लावायचो. मग खांद्यावर खळगे पडायला लागले, कारण वंगणाला बाहेर जायला वाट मिळाली नाही की ते पितळालाच आत दाबतं. उन्हाळ्यातल्या सगळ्या स्पर्धा अशा गेल्या. वॉरंटीबद्दल विचारलं तेव्हा त्याच नंबरवरून उत्तर आलं की आतून पॉलिश केलेली डाय वॉरंटीत बसत नाही. त्यांनीच सांगितलेलं होतं हे मी ईमेलमध्ये तीनदा लिहिलं. उत्तर तेच. अजूनही लिहिताना हात घट्ट होतो. डाय बनवणाऱ्या कंपनीला थेट लिहायला हवं होतं, दुकानाला नव्हे, हे तेव्हा सुचलं नाही.

आता तुमच्या डायचं. अडकलेली पुंगळी काढायचा संच मिळतो, आरसीबीएस या रीलोडिंगची अवजारं बनवणाऱ्या कंपनीचा सर्रास मिळतो. त्यात ७ नंबरचं ड्रिल (.२०१ इंच), पाव इंची, इंचाला २० आट्यांचा टॅप (आटे पाडायचं हत्यार), एक कप आणि एक ॲलन स्क्रू असतो. डिकॅपिंग रॉड जेवढा वर येईल तेवढा फिरवून वर घ्या, नाहीतर ड्रिल थेट पिनवर आपटेल. प्रायमरच्या भोकातून ड्रिल मारा, आटे पाडा, कप ठेवा, स्क्रू आवळत जा. पुंगळी हळूहळू खाली सरकते. घाई नको. टॅपला तेल घाला आणि अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे असं करा, पितळाचा कीस अडकला की टॅप मोडतो आणि मग मात्र अवघड आहे.

एक महत्त्वाचं: पुंगळी अर्ध्यात अडकली असेल तर वापरलेला प्रायमर अजून जागेवर असू शकतो. तो वापरलेलाच आहे, पिनचा खळगा दिसतोय, याची खात्री करा. न उडालेला प्रायमर असेल तर ड्रिल लावायचं नाही, विषय संपला. गॅसच्या ज्योतीने डाय तापवायचीही नाही, पोलादाचं पाणी उतरतं, म्हणजे कठीणपणा जातो.

पुंगळी निघाल्यावर डायच्या आत बॅटरी मारून बघा. पितळाचा पिवळा पट्टा दिसला तर घट्ट कापडी पॅचवर बारीक मेटल पॉलिश घेऊन हाताने काढा. सॅंडपेपर नाही. चरा दिसल्या तर डाय कंपनीकडे पाठवा.

तुमच्या फोटोत पुंगळीच्या तळाशी 'एलसी' आणि वर्तुळातला क्रॉस दिसतोय. म्हणजे मिझुरीतल्या इंडिपेंडन्स गावच्या लेक सिटी कारखान्यातला लष्करी माल. एक्कावन्नावीच का अडकली, याचं उत्तर बहुधा यातच आहे. अशा लॉटमधल्या बऱ्याच पुंगळ्या मशीनगनच्या सैल चेंबरमधून (काडतूस बसायची जागा) आलेल्या असतात, बुडाजवळ फुगलेल्या, आणि भिंतही जाड. त्यांना तुमच्या स्वतःच्या बोल्ट रायफलमधून (जिचा बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा दट्ट्या, हाताने ओढतात) निघालेल्या पुंगळीपेक्षा खूपच जास्त दाब लागतो. पहिल्या पन्नास कदाचित कमी फुगलेल्या होत्या. असा माल पहिल्यांदा साइझ करताना वंगणात कंजुषी नको.

वंगण कुठे लावायचं, यावर लोक कमी बोलतात. सर्वांत जास्त गरज बुडाकडच्या खालच्या तिसऱ्या भागात, तिथे भिंत जाड असते. खांद्यावर जवळजवळ काहीच नको. मानेच्या आत किंचित, नाहीतर एक्स्पांडर किंचाळत बाहेर येतो आणि मान ताणली जाते. मी ब्रशने अभ्रकाची पूड लावतो. नवी डाय असेल तर आतलं गंज-प्रतिबंधक तेल आधी धुऊन काढा आणि पहिल्या दोन-तीन पुंगळ्यांना सढळ हाताने वंगण द्या.

आता ब्रँड, कारण विचारलंत. थोड्या पुंगळ्यांसाठी इम्पीरियल साइझिंग वॅक्ससारखं मेण, बोटाला नुसतं टेकवायचं, पुंगळी चकचकीत दिसली की पुरे. यात सुकायची भानगडच नाही, म्हणून नवख्याला मी हेच सांगेन. शंभरच्या वर असतील तर मी घरीच करतो: एक भाग पातळ लॅनोलिन, बारा भाग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल. औषधाच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं नको, त्यात पाणी असतं. लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतली चरबी, बाटली उघडली की भिजलेल्या घोंगडीचा वास येतो, मला तो आवडतो. पिशवीत पुंगळ्या घोळवायच्या, पसरायच्या, आणि वीस मिनिटं हात लावायचा नाही. गराजचं दार उघडं, जवळ ज्योत नको. स्प्रेच्या विरोधात मी नाही, अनेकजण वर्षानुवर्षं वापरतात. मी मात्र परत हात लावलेला नाही.

साइझ झाल्यावर वंगण पूर्ण पुसा किंवा टंबलरमध्ये (पुंगळ्या घोळवून साफ करणारं यंत्र) घाला. तेलकट पुंगळी चेंबरच्या भिंतीला धरत नाही, मग सगळा धक्का बोल्टवर येतो. टंबलरच्या धुळीत शिसं असतं, हात धुवा, मुलांना तिथे येऊ देऊ नका.

आणखी एक, न विचारलेलं. 'डाय शेलहोल्डरला टेकवा आणि पाव फेरा द्या' ही सूचना मी बोल्ट रायफलसाठी पाळत नाही. कंपॅरेटरने (बुडापासून खांद्यापर्यंतचं अंतर मोजायचं साधन) मोजा, खांदा .००१ ते .००२ इंचच मागे ढकला. दर वेळी जास्त ढकललात तर पुंगळी बुडाच्या वर ताणत जाते आणि एक दिवस तिथेच तुटते. साइझ केल्यावर लांबीही मोजा: २.०१५ इंचाच्या वर गेली तर २.००५ वर कापा.

मी गनस्मिथ नाही. पावडरच्या मोजमापाबद्दल माझ्याकडून काही घेऊ नका, त्यासाठी छापील मॅन्युअल आणि तेच. अमेरिकेत एच-१बीसारख्या व्हिसावर असलेल्या कोणी हे वाचत असेल तर आधी वकिलाला विचारा. शिकारीच्या परवान्यासारखे थोडे अपवाद सोडले तर शस्त्र आणि काडतूस जवळ बाळगणं हाच केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. आणि भारतातून कोणी विचारत असेल तर १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे काडतूस बनवायला परवाना लागतो, घरचा छंद म्हणून हे तिथे करायचं नाही. नेमबाज स्वप्निल कुसाळेचं पॅरिस ऑलिंपिकचं पदक बघून भाच्याने हेच विचारलं होतं. त्याला सांगितलं की ती रायफल .२२ रिमफायर (ठिणगीचं मिश्रण बुडाच्या कडेतच भरलेलं), तिची पुंगळी पुन्हा भरत नाहीत. डिसेंबरात गावी जाणार असाल तर रेंजवर नेलेली बॅग विमानाला वापरू नका. शिवणीत अडकलेली एक पुंगळी मुंबई विमानतळावर तुमची सुट्टी खाऊन टाकेल.

ड्रिल लावण्याआधी प्रायमरचा जवळून फोटो टाका. मी रात्री बघतो.