‘ओळख’ म्हटलं की सोपं असतं असं नाही

तू लिहिलंयस की दहावीला गणितात काठावर पास झालीस, अकरावीला मॅथ्स सोडून एसपी (सेक्रेटरियल प्रॅक्टिस) घेतलंस, आणि आता बीकॉमच्या पहिल्या वर्षाला ओपन इलेक्टिव्हमध्ये, म्हणजे निवडीच्या विषयांत, तीनच पेपर उरलेत: कॅल्क्युलसची ओळख, आर्थिक गणित, प्राथमिक संख्याशास्त्र. वही उघडली तरी पोटात गोळा येतो, तर यातलं झेपेल कुठलं?

संख्याशास्त्र घे.

नावात ‘ओळख’ असली तरी कॅल्क्युलसला बीजगणित हातात खेळावं लागतं, आणि तुझा हात तिथंच सुटलाय. संख्याशास्त्राच्या पहिल्या पेपरात बेरीज-वजाबाकी, गुणाकार-भागाकार आणि वर्गमूळ एवढ्यावर बरंच निभतं. बाकी सगळी शिस्त तक्ते आखायची.

प्रमाण विचलनच बघ, नाव ऐकूनच मुली दचकतात. आपल्या सोलापूरच्या मार्केट यार्डातला कांदा धर. पाच दिवसांचा क्विंटलचा भाव, आकडे माझ्या मनचे: १८००, २०००, १९००, २१००, २२००. सरासरी २०००. शेजारच्या रकान्यात प्रत्येक भावाचा सरासरीशी फरक मांड: उणे २००, ०, उणे १००, १००, २००. इथं थांब आणि बेरीज कर. शून्यच आली पाहिजे. नाही आली तर चूक वरच झालीय, पुढं जायचंच नाही. मग फरकांचे वर्ग, त्यांची बेरीज १,००,०००, भागिले पाच म्हणजे २०,०००, त्याचं वर्गमूळ साधारण १४१. संपलं. भाव सरासरीच्या आसपास किती हलतो, एवढंच ते सांगतं. मधेच स्वतःला तपासता येतं, हे घाबरणाऱ्याला फार धीराचं असतं.

आर्थिक गणितही वाईट नाही. दसादशे दहाने १०,००० चे दोन वर्षांत चक्रवाढीने १२,१०० होतात, हे तुला जमेलच. पण पुढं हप्त्यांची लांबलचक सूत्रं येतात. परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत असेल तरच विचार कर.

मी स्वतः बीकॉमला गणिताच्याच पेपरात एटीकेटी, म्हणजे नापास होऊनही पुढच्या वर्गात जायची मुभा, घेतलेली आहे बरं का. सरांनी भर वर्गात फळ्याजवळ उभं केलं आणि तेराचा पाढा आठवेना. आज अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याचे हिशेब बघते! भीती वाटली की निम्मं डोकं तिलाच आवरण्यात गुंततं, आकडे धरून ठेवायला जागा उरत नाही. म्हणून तोंडी काही करू नकोस. हातचाही कागदावर लिही, कुणी हसलं तर हसू दे.

फॉर्म भरायच्या आधी अभ्यासक्रमाचा कागद आणि मागच्या दोन-तीन प्रश्नपत्रिका मिळव. थिअरीला किती गुण, गणितं किती, ते पेनने मोज. सीनियर मुलींना विचार की शिकवतं कोण. पुन्हा विचारल्यावर खेकसणारं माणूस असेल तर माझा वरचा सल्लाही बाजूला ठेव आणि आर्थिक गणिताकडे वळ. दोन क्रेडिटचा पेपर म्हणजे साधारण ३० तास. त्यातले पहिले चार-पाच बुडवू नकोस, सरासरी तिथंच होते आणि पुढचं सगळं तिच्यावर उभं असतं.

आज रात्री एक कर. पाचही दिवस भाव २००० धरून तोच तक्ता आख आणि उत्तर काय येतं ते मला कळव. कॅल्क्युलेटर लागणार नाही.