दोरी सोडून देण्याची मुभा

प्रश्न : माझा मुलगा आठ वर्षांचा असून आमच्या घरी तीन वर्षांचा लॅब्राडोर आहे. त्याचे वजन तीस किलोच्या आसपास आहे. दोघांचे अगदी मेतकूट आहे. गेले काही महिने मुलाने संध्याकाळी कुत्र्याला एकट्याने फिरवून आणण्याचा हट्ट धरला आहे. त्याच्या वडिलांचे म्हणणे असे की, कुत्रा शांत आहे, आजवर कोणाच्या अंगावर गेलेला नाही आणि या निमित्ताने मुलाला जबाबदारीची सवय लागेल. माझे मन मात्र धजावत नाही. ‘काही झाले तरी दोरी सोडायची नाही’ अशी ताकीद देऊन त्याला पाठवावे का?

उत्तर : आठ वर्षांच्या मुलाला कुत्र्याबरोबर एकट्याने रस्त्यावर पाठवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या कुत्र्याच्या स्वभावाविषयी आपण लिहिले आहे त्यावर माझा पूर्ण विश्वास आहे, आणि तरीही माझे मत तेच राहते. आपल्या पत्रात मला सर्वांत जास्त खटकली ती शेवटची ताकीद, म्हणून प्रथम तिच्याविषयीच लिहितो.

काही वर्षांपूर्वी माझ्या दवाखान्यात एक वडील आपल्या नऊ वर्षांच्या मुलीसह कुत्र्याला लस टोचून घेण्यासाठी आले होते. वडील नोंदवहीत नाव लिहीत होते आणि कुत्रा मुलीच्या हातात होता. माझे लक्ष तिच्या बोटांकडे गेले, कारण त्यांची टोके जांभळी पडली होती; दोरी हातून सुटू नये म्हणून तिने तळव्याभोवती तिचे तीन घट्ट वेढे घेतले होते. मी काही बोलणार तेवढ्यात कोपऱ्यातल्या पिंजऱ्यात एक मांजर हलले, कुत्र्याने झेप घेतली, आणि ती मुलगी त्याच्यामागून फरशीवर घसरत बाकाच्या पायापर्यंत गेली. तिची करंगळी मोडली होती. वडिलांनी विचारले, ‘अगं, सोडली का नाहीस?’ तेव्हा ती रडत रडत म्हणाली, ‘तुम्हीच सांगितलं होतं ना, सोडायची नाही म्हणून.’ लहान मूल मोठ्यांची आज्ञा शब्दशः पाळते, आणि कुत्र्याच्या दोरीच्या बाबतीत ते घातक ठरू शकते. इथे तर वाहन नव्हते, दुसरा कुत्रा नव्हता आणि वडील चार हातांवर उभे होते.

ताकदीचा हिशेब सरळ आहे. आठ वर्षांच्या मुलाचे वजन साधारण पंचवीस किलो असते, म्हणजे आपला कुत्रा त्याच्यापेक्षा वजनदार आहे. त्यातच कुत्रा चार पायांवर, जमिनीलगत आणि नखांनी पकड घेऊन ओढतो, तर मूल दोन पायांवर उभे असते आणि त्याचा तोल सहज जातो. दोरी लांब आणि सैल असेल तर कुत्रा दोन-चार पावलांत वेग घेतो व दोरी ताणली जाते त्या क्षणी सगळा हिसका मनगटावर आणि खांद्यावर येतो. आपोआप गुंडाळली जाणारी दोरी तर मुलांच्या हाती कधीच देऊ नये. ती सर्रकन सुटते तेव्हा हात भाजल्यासारखे सोलून निघतात आणि तिच्यात बोट अडकले तर गंभीर इजा होते.

परंतु ताकदीपेक्षाही मला निर्णयाची काळजी अधिक वाटते. येणारे वाहन किती दूर आहे आणि किती वेगाने येत आहे, याचा भरवशाचा अंदाज या वयाच्या मुलांना नुसते रस्ता ओलांडतानाही येत नाही. इथे तर त्याचे अर्धे लक्ष कुत्र्याकडे असणार. कुत्रा रस्त्याच्या मध्येच वास घेत थबकला किंवा पलीकडे मांजर दिसून धावला, की मुलाला एका क्षणात ठरवावे लागते : त्याच्यामागे जायचे, ओढून धरायचे की सोडून द्यायचे? ज्याच्यावर त्याचा जीव आहे अशा कुत्र्याला वाहनांच्या दिशेने जाऊ देण्याचा निर्णय आठ वर्षांचे मूल घेऊ शकत नाही, आणि तो त्याच्यावर सोपवण्याचा आपल्याला अधिकारही नाही.

दुसरा प्रसंग समोरून येणाऱ्या कुत्र्याचा. आपला कुत्रा शांत आहे हे खरे, पण मोकाट किंवा दोरीविना सोडलेला दुसरा कुत्रा कसा असेल हे आपण सांगू शकत नाही. दोन कुत्री जुंपली की मुलांची पहिली ऊर्मी मध्ये हात घालून आपल्या कुत्र्याला बाहेर ओढण्याची असते, आणि अशा वेळी चावणारा जबडा पुष्कळदा आपल्याच कुत्र्याचा असतो. झुंजीच्या आवेशात त्याला हात कोणाचा हे कळत नाही. भांडणापूर्वीची लक्षणे मोठ्यांना थोड्या सवयीने दिसू लागतात : अंग ताठ होणे, तोंड घट्ट मिटणे, एकटक नजर, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणे, ताठ उभारलेली आणि तुटक हलणारी शेपटी. मुले मात्र हलणारी शेपटी पाहून कुत्रा खूश आहे असे समजतात. शिवाय लहान मुलांचा चेहरा कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असतो, त्यामुळे त्यांना चावा बसतो तो बहुधा तोंडावर, डोक्यावर किंवा मानेवर.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. एकटे गेलेले मूल चावा किंवा ओरखडा लपवू शकते, कारण ते सांगितले तर उद्यापासून फिरायला जाणे बंद होईल अशी त्याला भीती असते. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की तो आजार जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. मात्र वेळेवर केलेले उपचार त्याला रोखतात. म्हणून कुत्र्याचा दात किंवा नख लागले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. ‘काहीही झाले तरी मला येऊन सांग, मी रागावणार नाही’ हे वाक्य मुलाला आजच सांगा, मग तो कुत्र्याला फिरवो वा न फिरवो.

आता मुलाच्या इच्छेचे काय करावे? ती मोडून काढू नये, ती फार चांगली इच्छा आहे. कुत्र्याला छातीवरचा पट्टा, म्हणजे हार्नेस, घालून त्याला दोन दोऱ्या लावाव्यात. एक मुलाच्या हातात आणि दुसरी आपल्या. फिरायचे कुठे, थांबायचे कधी, वळायचे कोणत्या बाजूला, हे मुलाने ठरवावे. आपली दोरी सैल ठेवावी आणि गरज पडेल तेव्हाच धरावी. मुलाने दोरी फक्त मुठीत धरावी. मनगटाला वेढे नकोत, दोरीच्या टोकाच्या फासात मनगट अडकवणे नको आणि कमरेला बांधणे तर मुळीच नको. याचबरोबर घराच्या बंदिस्त अंगणात किंवा खोलीत त्याला दोरी सोडण्याचा सराव द्यावा. ‘सोड’ म्हणताच मूठ उघडायची, जागच्या जागी झाडासारखे निश्चल उभे राहायचे आणि मोठ्या माणसाला हाक मारायची. पहिल्या काही वेळी मूठ उघडत नाही, हे आपण स्वतः पाहाल. कुत्रा हरवला तर शोधता येतो, तो गेला तरी दोष तुझा नाही, हे मुलाला पुन्हा पुन्हा सांगावे लागते, आणि सांगणाऱ्याच्या मनातही ते खरे असावे लागते.

वडिलांनी म्हटलेली जबाबदारी पाणी भरणे, केस विंचरणे, विष्ठेसाठी पिशवी बरोबर घेणे अशा कामांतूनही येते. एकट्याने जाण्याचा विचार साधारण बाराव्या वर्षानंतर करावा, आणि तोही मूल, कुत्रा व रस्ता या तिन्हींकडे पाहूनच. वयाची अट काही ठिकाणी कायद्यातही आहे. ब्रिटनमध्ये १९९१ च्या धोकादायक श्वानविषयक कायद्याने बंदी घातलेल्या जातींच्या कुत्र्याला सार्वजनिक जागी न्यायचे असेल, तर त्याची दोरी किमान सोळा वर्षांच्या व्यक्तीच्या हाती असावी लागते. आपला लॅब्राडोर त्यांपैकी नाही, पण दोरी धरणाऱ्याच्या वयाला महत्त्व आहे हे त्यावरून ध्यानात येईल.

प्रश्न : माझी मुलगी तेरा वर्षांची आहे आणि आमचा कुत्रा जेमतेम पाच किलोंचा आहे. ती त्याला एकटीने फिरवू शकते का?

उत्तर : होय, रस्ता ठरलेला व कमी रहदारीचा असेल, दिवसाउजेडी जायचे असेल आणि परतण्याची वेळ आपल्याला माहीत असेल, तर हरकत नाही. आधी दहा-बारा वेळा आपण तिच्या मागून थोड्या अंतरावर चालत जावे आणि काही न बोलता फक्त पाहावे.

लहान कुत्र्याच्या बाबतीत एकच धोका वेगळा आहे. मोठा कुत्रा अंगावर येताना दिसला की मुले आपल्या कुत्र्याला झटकन उचलून छातीशी धरतात. मग मोठा कुत्रा वर उडी मारतो आणि त्याचे दात मुलीच्या हातापर्यंत, गळ्यापर्यंत पोहोचतात. त्यापेक्षा दुरूनच वळावे, रस्त्याची बाजू बदलावी, एखाद्या फाटकाच्या आत जाऊन ते लावून घ्यावे. तेही शक्य नसेल तर दोरी सोडून स्वतः बाजूला व्हावे. हे तिला पटणे कठीण जाईल. बाहेर पाठवण्याआधी तिच्याशी त्याविषयी शांतपणे बोला, आणि ‘मी त्याला कधीच सोडणार नाही’ असे ती म्हणाली, तर आणखी काही महिने आपण तिच्याबरोबर जात राहा.